पिवळा भोपळा आणि म्हशीचा खडक

“पॉइंट आठ!” आर्चिसनं फोन अगदी माझ्या नाकाशी धरला. “बघ. पहाटे साडेपाचला एक पॉइंट चार होतं, आता साडेआठला पॉइंट आठ. समुद्र पडतोय, रसिका. तो लाल बावटा काढ.”

“नाही काढणार.”

“अगं, पण का?”

“म्हशीचे पाय दिसतायत.”

आर्चिस गोगटे पुण्याचा. आमच्या आडबंदरात सर्फिंगची पहिली स्पर्धा भरवायचं त्यानं मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी सहा महिने खपला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्या सकाळी तो माझ्याकडे असं बघत होता, जणू मला ऊन लागलंय.

मी बोट केलं. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला पाण्यात एक काळा खडक आहे, बसलेल्या म्हशीसारखा. शिंगं, पाठ, सगळं आहे. “लाट यायच्या आधी पाणी मागं जातंय ना, तेव्हा तिचे पाय उघडे पडतायत. भरती चढत असताना म्हशीचे पाय दिसता कामा नयेत. पाणी एवढं मागं ओढलं जातंय म्हणजे मागून काहीतरी मोठं येतंय.”

“आणि बोया?”

“बोया खोटं बोलतोय.”

झालं. हे वाक्य मी जरा जोरात बोलले. मंडपात खुर्च्या मांडणारे थांबले, स्पीकरवरचं गाणं कोणीतरी बारीक केलं.

बोया म्हणजे आमच्या किनाऱ्यापासून दीड मैलावर तरंगणारा पिवळा गोळा. लाटा मोजणाऱ्या एका सरकारी संस्थेनं तो वर्षापूर्वी सोडला होता. लाटेबरोबर तो वर जातो, खाली येतो, आणि किती वर, किती खाली हे दर अर्ध्या तासानं मीटरमध्ये कळवतो. आकडा फोनवर कोणालाही दिसतो. गावात त्याला पिवळा भोपळा म्हणायचे. सर्फिंग करणारे मात्र सकाळी उठल्यावर देवाच्या आधी त्याचं दर्शन घ्यायचे. आर्चिसनं तर स्पर्धेच्या नियमातच छापलं होतं, की बोयाचा आकडा एक पॉइंट दोनच्या खाली असेल तरच लहान मुलांचा गट पाण्यात उतरेल. त्याखाली सुरक्षाप्रमुख म्हणून माझी सही होती.

मी तेव्हा सव्वीसची. आडबंदरच्या तांडेलाची, होडी चालवणाऱ्याची मुलगी, सर्फिंग शिकवणारी किनाऱ्यावरची पहिली बाई. शिकले ती एका पाहुण्या जोडप्याकडून, जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, आणि मग गावातली मुलं गोळा केली. गावानं आधी वर्षभर मला नावं ठेवली आणि मग मुलं पाठवली. मी फटकळ आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, कोणालाही विचारा. पण पाण्याच्या बाबतीत रसिका सांगते ते खरं, एवढं नाव मी तीन वर्षांत मिळवलं होतं. दुसरं माझ्याकडे होतं काय? आयाबाया पोटच्या पोरांना माझ्या शब्दावर समुद्रात सोडत होत्या. तो शब्द गेला असता, तर मी दुसऱ्या दिवशी सर्फिंगच्या फळ्या आवरून घरी बसले असते.

आणि आता तोच शब्द मी दोनशे माणसांसमोर एका यंत्राच्या विरुद्ध टाकला होता.

“पुरावा?” आर्चिस म्हणाला. आवाज खाली होता, पण दात आवळलेले. “गोव्याहून, पुण्याहून लोक आलेत. पाहुणे येतायत. मी त्यांना काय सांगू? म्हैस म्हणाली?”

मी पिशवीतून वही काढली. शंभर पानी, निळ्या कव्हरची. रोजच्या वर्गाआधी मी तीत चार गोष्टी लिहायची: वेळ, भरती की ओहोटी, बोयाचा आकडा, आणि म्हशीच्या खुणेनं मला दिसलेली लाट. सुरुवात केली ती मुलांना शिकवायला, की फोन बघा पण डोळेही उघडे ठेवा. शिमगा होईपर्यंत दोन्ही आकडे बहिणीबहिणींसारखे एकमेकींना धरून होते. शिमग्यानंतर बिनसलं.

“हे बघ,” मी पान उघडलं. “अमावास्या, पौर्णिमा, परत अमावास्या. मोठी भरती असली की भोपळ्याचा आकडा पडतो. ओहोटी लागली की परत चढतो. तीनदा झालंय. आज चौथ्यांदा. पहाटे ओहोटीला एक पॉइंट चार. आता भरती चढतेय, म्हणून पॉइंट आठ. दहा वाजता पॉइंट सहा दाखवेल बघ.”

“मग समुद्रच तसा वागत असेल.”

“समुद्र काय भरती बघून अंग चोरून बसतो काय रे? वाऱ्याची झुळूक नाही, काही बदललं नाही, आणि तीन तासांत लाट निम्मी?”

“तू संस्थेला का नाही कळवलंस?”

“दोन मेल केल्यात. उत्तर आलं, की यंत्रात दोष दिसत नाही, निरीक्षण चालू ठेवा.”

“मग त्यांना जास्त कळतं की तुला?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, सहदेव कोयंडे. चाळीस वर्षं होडीवर तांडेल. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर जाळ्याच्या दोरीनं तरुणपणीच नेलेलं. ते लुंगी सावरत म्हशीकडे बघत उभे राहिले.

“आबा, सांगा ह्यांना. भोपळा खोटं बोलतोय ना?”

आबांनी नकारार्थी मान हलवली. “भोपळ्याक कित्या नावां ठेवतंस? तो घट आसा जाग्यार. तेका काय एक झालेला नाय.”

भोपळा जागच्या जागी घट्ट आहे हे ऐकून आर्चिसच्या तोंडावर उजेड पडला.

“पण म्हशीचे पाय दिसतंत, ता खरा,” आबा पुढे म्हणाले. “मी होडी घालूचंय नाय. पोरांचा तर नावच नको.”

“म्हणजे दोन्ही खरं कसं असेल, काका?” आर्चिस वैतागला.

“ता माका म्हायत नाय,” आबा शांतपणे म्हणाले आणि बिडी पेटवायला मंडपामागे गेले.

दहा वाजले. फोनवर पॉइंट सहा आलं. मी सांगितलेला आकडा बरोबर आला तरी कोणाला त्याचं काही नव्हतं, कारण समुद्र बशीतल्या चहासारखा निवांत पडला होता. बारा मुलं नंबरांचे बनियन घालून रांगेत उभी होती. पूर्वा मालंडकर, माझी सगळ्यात तयार पोरगी, वय वर्षं अकरा, माझ्याकडे बघून रडत होती. दुःखानं नाही, रागानं.

“ताई, तूच म्हणालीस ना आकडा बघायचा? आकडा चांगलाय!”

“मी म्हणाले होते आकडा आणि म्हैस, दोन्ही.”

“म्हैस काय बोलते?” मागून कोणीतरी ओरडलं, आणि मंडपभर हशा पिकला. पूर्वाचे वडील, बबन मालंडकर, गावातला वजनदार माणूस. ते पुढे आले. “रसिका, पोरांना चार महिने आशेला लावलंस. आता सगळ्यांच्या देखत आमचं हसं करतेस? अगो, तू घाबरलीस काय?”

“हो, घाबरले.” मी म्हणाले. “तुमच्या पूर्वासाठी घाबरले. तुम्हाला भीती वाटत नसेल तर तुम्ही उतरा. मुलं नाही उतरणार.”

आर्चिस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “अर्धा तास. अर्ध्या तासात काही झालं नाही तर मी माझ्या जबाबदारीवर बावटा काढतो, आणि यापुढे ह्या किनाऱ्यावर सुरक्षेला दुसरा माणूस असेल. मंजूर?”

“मंजूर.”

तो अर्धा तास मी आयुष्यात विसरायची नाही. बावट्याची काठी धरून उभी होते. समुद्र गुळगुळीत. मनात म्हणत होते, रसिके, चुकलीस तर तोंड लपवायला जागा नाही. आणि दुसरं मन म्हणत होतं, चुकू दे, चुकले तर बरंच, मुलं तरी खेळतील. लोक घड्याळं बघत होते. एकानं शिट्टी मारली.

पंचवीस मिनिटं झाली असतील. म्हशीभोवतीचं पाणी एकदम मागं गेलं. पायच नाही, तिच्या पोटाखालचा कधी न दिसणारा हिरवा शेवाळाचा पट्टा उघडा पडला. आबा मंडपामागून धावत आले. “मागे सरा! सगळी मागे!”

क्षितिजावर पाच रेघा उठल्या होत्या. दिसायला संथ, घाई नसलेल्या, एकीमागून एक. पहिली म्हशीच्या पाठीवरून गेली. दुसरीनं शिंगं गिळली. तिसरी येऊन मुलांसाठी पाण्यात बांधलेल्या नारंगी खुणा उखडून घेऊन गेली, दोऱ्यांसकट, आणि जिथे बारा मुलांनी फळ्यांवर झोपून वाट बघायची होती तिथे पांढऱ्या पाण्याचा नुसता धुरळा झाला. चौथी मंडपाच्या पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत आली. पाचवी आली तेव्हा माणसं रस्त्यावर होती आणि आर्चिस एका हातात फोन, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता.

मग सगळं शांत. पाणी परत बशीतल्या चहासारखं.

पूर्वानं माझ्या कमरेला मिठी मारली. आर्चिसनं फोन बघितला आणि मला दाखवला. साडेदहाचा आकडा होता पॉइंट सात.

“सॉरी,” तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी दहा हत्तींचं बळ आलं होतं. मी घरी जाताना बायका दारात येऊन मला बघत होत्या. मला वाटत होतं, आता गोष्ट संपली. रसिका जिंकली, भोपळा हरला.

दोन दिवसांनी संस्थेतून लोबोसर आले. माझ्या दोन मेल आणि आर्चिसचा एक फोन, तोही बराच मोठ्या आवाजातला, एवढ्यानं त्यांना यावं लागलं. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, गळ्यात दुर्बीण. त्यांनी माझी वही उभ्याउभ्या चाळली, मग बसून वाचली.

“हे रोज केलंत?”

“रोज. शिमग्याला सुट्टी घेतली एक दिवस.”

“आमच्या मुलांना सांगून होत नाही,” ते म्हणाले. “चला, बघू तुमच्या भोपळ्याला काय झालंय. होडी मिळेल?”

होडी आबांचीच. आबा खूश होते. सरकारी साहेब आपल्या होडीत बसणार म्हणून त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि होडीतली बसायची फळी पाण्यानं दोनदा धुतली होती. तिघंच निघालो. ऊन कोवळं होतं, पाणी चढू लागलं होतं. भोपळा जवळ आला तसं लोबोसरांचं कपाळ आक्रसलं.

“हा असा का बसलाय? मान खाली घालून?”

खरंच, लाट आली की भोपळा तिच्याबरोबर वर जायच्या ऐवजी अर्धवट बुडत होता. कोणीतरी खालून पाय धरल्यासारखा.

आबांनी आकडीनं त्याला ओढून होडीला लावला. भोपळ्याच्या खाली एक जाड काळा रबराचा दोर असतो, तो तळाच्या नांगराला जातो. सरांनी रबर धरून वर ओढायला सुरुवात केली, आणि रबराला लगटून दुसरी दोरी वर आली. निळी, नायलॉनची. वर भोपळ्याच्या कडीला बांधलेली, खाली रबर संपतो तिथे बांधलेली, आणि रबराहून कितीतरी आखूड.

मी कडीवरची गाठ बघितली आणि ओळखली.

ती गाठ मी लहानपणापासून बघत आले होते. माझ्या झोपाळ्याला होती, शाळेच्या दप्तराला होती, आमच्या गाईच्या दाव्याला होती. बोटाचं पेर नसल्यामुळे त्या माणसाला एक वेढा उलटा घ्यावा लागतो. अख्ख्या किनाऱ्यावर तशी गाठ एकच माणूस मारतो.

“ही कुठून आली?” लोबोसर म्हणाले.

आबा उठून उभे राहिले. होडी डुलली. त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

“माजी ती, सायबा! मी बांदलंय! शिमग्याच्या दुसऱ्या दिशी हयसून जाय होतंय, तर बघलंय, रबर ताणून ताणून बारीक झालेलो. म्हटला, पावसात तुटान जायत आणि सरकारची वस्तू खयच्या खय. म्हणान आदार दिलंय. बघा, बघा! दोन म्हयने झाले, एक पदर तरी सुटलोहा?”

त्यांनी ती गाठ हातात घेऊन सरांना दाखवली. दोन महिन्यांत ह्याबद्दल ते घरी एक शब्द बोलले नव्हते. रस्त्यातला काटा उचलून बाजूला टाकला तर कोणी सांगत फिरत नाही, तसं. समुद्रात सैल बांधलेली वस्तू बघवत नाही ह्या माणसाला, दुसऱ्याच्या होडीचा नांगरसुद्धा जाताजाता घट्ट करून येतो.

लोबोसर माझ्याकडे बघत होते. मी आबांकडे बघत होते.

“काय झाला?” आबांनी विचारलं. “घट नाय?”

“आबा, बसा.”

“काय झाला, ता सांग.”

“रबर ताणायलाच हवा असतो, आबा. ताणला की भोपळा लाटेवर चढतो. चढला की मोजतो. तुमच्या दोरीनं त्याला चढता येत नाही. ओहोटीला पाणी कमी असतं, दोरी सैल असते, तेव्हा तो खरं सांगतो. भरतीला दोरी ताठ होते आणि त्याची मान पाण्याखाली जाते.”

आबांनी गाठ सोडली नाही. ती तशीच मुठीत धरून त्यांनी खाली भोपळ्याकडे बघितलं. लाट आली. भोपळा बुडाला, वर आला. परत लाट आली. त्यांना मी आणखी काही सांगायची गरज नव्हती, चाळीस वर्षं पाणी बघणारा माणूस तो.

“म्हणजे परवा,” ते हळूच म्हणाले. “ती बारा पोरां...”

“हो.”

आबा बसले. सुकाणू सोडून होडीत बसलेले आबा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

लोबोसर खरंच भला माणूस. त्यांनी सुरी काढून दोरी कापली, रबर तपासला, भोपळा मोकळा सोडला. भोपळा पुढच्या लाटेवर टुणकन वर चढला. मग त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून कागद काढला.

“कोयंडेमामा, तुम्ही मुद्दाम केलेलं नाही. पण बोयाला हात लावणं गुन्हा आहे, जेटीवर पाटी लावलीय आम्ही. उगाच तुम्हाला त्रास नको. मी लिहितो, कारण: अज्ञात मच्छीमाराची दोरी. असं होतं कधीकधी. कोणी विचारणार नाही.”

मला हायसं वाटलं. आणि ते नुसतं आबांसाठी नव्हतं, हे आज कबूल करते. डोक्यात एकच विचार गरगरत होता, की हे कळलं तर गाव काय म्हणेल. बापानं भोपळा बांधून ठेवला आणि लेकीनं दोनशे माणसांत शहाणपण मिरवलं. तिला आधीच माहीत होतं, म्हणूनच आकडा आधी सांगितला. परवा कमावलेला शब्द उद्या मातीला मिळणार.

“हो सर,” मी घाईनं म्हणाले. “तसंच लिहा.”

“अज्ञात कोण?” आबा म्हणाले.

“कोणीतरी, मामा. नाव नाही लिहायचं.”

“कित्या नाय? ही गाठ आडबंदरातला शेंबडा पोर वळखीत. अज्ञात कसो झालंय मी?”

“आबा, गप्प बसा!” माझा आवाज चढला. “कळतंय का तुम्हाला? पोलीस राहू देत बाजूला, माझं काय होईल? लोक म्हणतील, बापलेकीनं मिळून नाटक केलं. परत कोण मूल पाठवेल माझ्याकडे?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी होडीत चुकीच्या बाजूला बसले की बघायचे तसं.

“दोन म्हयने तू वहीत खरा लिवलंस. कोण इचारीत नव्हता, तरी लिवलंस. आज एक खोटा लिवचा आसात, तर ती वही घराक गेल्यार चुलीत घाल.”

मी नजर वळवून मोकळ्या भोपळ्याकडे बघितलं.

“आणि चाळीस वर्सां तांडेल आसंय मी,” ते सरांकडे वळले. “बांदलला ता माज्या हातान, चुकला ता माज्या हातान. नाव लिवा सायबा. सहदेव बाबाजी कोयंडे. बाबाजी लिवा मदी, नायतर वरच्या वाडीचो सहदेव समजतीत.”

लोबोसरांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण समुद्रावर ते कोणाला ओळखू येत नाही. त्यांनी नाव लिहिलं, बाबाजीसकट.

पुढच्या रविवारी स्पर्धा परत भरली. मंडप तोच, माणसं तीच, उलट थोडी जास्तच. आबा त्याच स्वच्छ सदऱ्यात आले, हातात ती कापलेली निळी दोरी. मला न विचारता त्यांनी आर्चिसच्या हातातून माईक घेतला.

“आयका,” ते म्हणाले. “भोपळो खोटो न्हय. मी तेचो गळो आवळलेलंय.” आणि दोरी वर धरून सगळं सांगितलं. शिमग्यापासून. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण समोर ती बारा मुलं नंबर लावून बसली होती.

बबन मालंडकर उठले, आणि मी ज्याला घाबरत होते नेमकं तेच विचारलं. “मग रसिकाला ठाऊक होतं म्हणा की!”

“नव्हतं,” मी म्हणाले.

“कशावरून?”

आबांनी मला बोलू दिलं नाही. “बबन, ह्या पोरीक तू वळखतंस मा? तिका म्हायत आसता तर तिना दुसऱ्याच दिशी जावन ती दोरी तोडली आसती, आणि सगळ्या गावासमोर माज्या गळ्यात घातली आसती. बापाक सोडणारी हा ती?”

एवढा मोठा हशा आडबंदरात मी परत ऐकला नाही. मालंडकरसुद्धा हसले. मी लाल झाले, पण आबा खोटं बोलत नव्हते.

हसणं ओसरल्यावर आर्चिसनं वही मागितली. त्यानं शिमग्याच्या नंतरचं पान काढून माईकवर वाचलं. तारीख, वेळ, भरती, आकडा, म्हैस, आणि त्याच्या पुढे माझ्या अक्षरात: ‘जुळत नाही. का ते कळत नाही.’ पुढच्या पानावर परत: ‘जुळत नाही. उद्या पुन्हा बघणे.’ अशी आठ पानं त्यानं वाचली. वाचून झाल्यावर त्यानं वही मिटली आणि बावट्याची काठी आणून माझ्या हातात दिली.

“आज काय करायचं, तू सांग.”

फोनवर पॉइंट नऊ होतं. मी म्हशीकडे बघितलं. अर्धी भरती, पाणी तिच्या पोटाला लागलेलं, पाय कुठे दिसत नव्हते. आबांकडे बघितलं. ते दुसरीकडेच बघत उभे होते, मुद्दाम. मी लाल बावटा काढला आणि हिरवा लावला. पूर्वा फळी घेऊन सगळ्यांच्या आधी पाण्याकडे पळत सुटली, आणि मालंडकरांनी तिला अडवलं नाही.

ह्याला आता बारा वर्षं होतील. पूर्वा माझ्या वर्गात शिकवते. भोपळा दोनदा बदलला, जुन्या वहीच्या जागी अठरावी वही चालू आहे, आणि संस्थेची नवी मुलं दर वर्षी येऊन तिचे फोटो काढून नेतात.

त्या वेळी संस्थेकडून आबांना एक पत्र आलं होतं. सक्त ताकीद, पुन्हा बोयाला हात लावल्यास कारवाई, वगैरे. आबांनी ते पत्र ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि ओटीवर, बाहेरून येणाऱ्याला आधी दिसेल असं लावलं. मी लाजून दोनदा काढलं. दोन्ही वेळा त्यांनी परत लावलं. कोणी पाहुणा आला की त्याला हाताला धरून तिथे नेतात आणि शेवटच्या दोन ओळींवर आपलं अर्धं बोट ठेवतात. दोषाचं कारण: श्री. सहदेव बाबाजी कोयंडे यांनी बांधलेली दोरी. दोष लक्षात आणून दिला: कु. रसिका सहदेव कोयंडे.

“बघा,” म्हणतात, “माजा नाव एकदा, आणि चेडवाच्या नावात परत एकदा.”

गेल्या महिन्यात एका शहाण्या पाहुण्यानं त्यांना सांगितलंच, “अहो काका, पण ही तर ताकीद आहे.”

“मगे?” आबा म्हणाले. “चूक माजी आसा. पकडली कोणी, ता वाचलास मा?”